ओंजळीतून गळलेला वर

पूर्वी कृतयुगात, वरुणदेवाच्या आज्ञेवाचून मेघही जागचे हलत नसत त्या काळी, क्षीरवती नदीच्या दोन तीरांवर दोन नगरे होती. पूर्वतीरावरच्या एकास्यपुरात एकच पक्ष आणि सर्वांच्या वतीने बोलणारा एकच मुखिया, प्रचंडकेतू; पश्चिमतीरावरच्या बहुघोषात आळीगणिक पक्ष आणि पक्षागणिक मुखिया. अवर्षणाने नदी आटली, गाई दावणीला मरू लागल्या, तेव्हा नदीकाठी राहणाऱ्या तपस्विनी हारिद्रवी हिने जन्मभराचे तप वरुणाच्या चरणी वाहिले.

वरुण प्रकट होऊन म्हणाला, "हे तपोधने, प्रत्येक नगराच्या प्रतिनिधींच्या ओंजळीत मी जल ओतीन. ते गळून जाण्यापूर्वी जे मागतील ते देईन. गळले, की वर संपला."

हारिद्रवीला बहुघोषाची मनस्वी चीड. मेल्यांचे कधी कशावर एकमत म्हणून झाले नव्हते! तिने पहिला मान एकास्यपुराला दिला आणि तिथेच ती फसली.

प्रचंडकेतूच्या ओंजळीतून थेंबही गळला नाही. तो गरजला, "हे जलाधिपते! ही नदी माझ्या प्रासादाच्या पायरीतून उगम पावो आणि माझ्या अनुज्ञेवाचून कोणाच्याही घशाखाली न उतरो!"

"तथास्तु," वरुण म्हणाला. आणि कोरड पडलेल्या घशांनी त्या महामूर्खांनी जयजयकार केला!

"अरे करंट्यांनो," हारिद्रवी किंचाळली, "हा तुमच्याच तोंडचे पाणी पळवतोय! एकजण तरी 'नको' म्हणा!" सगळे प्रचंडकेतूच्या तोंडाकडे बघत राहिले.

मग बहुघोषाचे मुखिये आले. सर्वांनी हात जुळवून एक मोठी ओंजळ केली. पहिल्याला आधी आपल्या कुलदैवताचे स्तवन हवे होते. दुसऱ्याला पाऊस वरच्या आळीपासून हवा होता. तिसरा उजवीकडे कोण उभे राहणार यावरून हमरीतुमरीवर आला. चौथ्याने सभात्याग केला, तोही स्वतःचे हात काढून घेऊन! पाणी भळाभळा धुळीत गेले.

तपस्विनीचे डोळे भरून आले. एवढे तप, आणि हे त्याचे फळ!

इतक्यात रेवंती नावाची कुंभारीण गर्दी कापत पुढे आली. "चला, व्हा बाजूला, शहाणे कुठले!" तिने मुखियांना अक्षरशः ढकलले. "देवा, यांना आम्ही घरी बसवतो. पुढच्या वर्षी दुसरे धाडतो. तू ओंजळ तेवढी पुन्हा भर."

"आणि तेही असेच निघाले तर?" वरुणाने विचारले.

"तर त्यांनाही बसवू."

हारिद्रवीचा संयम सुटला. तिने पूर्वतीराकडे हात उगारला. "मान केवळ वाकवण्यासाठी बाळगणाऱ्यांनो, लव्हाळी व्हा! आणि तुम्ही, बडबड्यांनो, बेडूक व्हा बेडूक!"

"शाप खरा होईल," वरुण म्हणाला, "पण या बाईच्या शब्दाखातर, दरवर्षी हे ओरडतील तेव्हा मी येईन."

तेव्हापासून पूर्वतीरावर लव्हाळी निमूट वाकतात, वारा कुठलाही असो. पश्चिमतीरावर असंख्य बेडूक एकमेकांवर खेकसतात, एकाचे दुसऱ्याला पटत नाही आणि पाऊस येतो. हारिद्रवी त्या कलकलाटाला शिव्या मोजते, कानांत बोळे घालते. आश्रम मात्र तिने त्याच तीरावर बांधला.