सोनतळ्याची पातेली

सोनतळं नावाच्या गावात, अगदी शेवटच्या झोपडीत वेणू राहायची. नऊ वर्षांची, अंगाने काडीसारखी, पण डोळे टपोऱ्या करवंदांसारखे! बाबा नव्हते. आई तापाने अंथरुणाला खिळलेली. वेणू आईला पेज भरवी, इवल्याशा भावाला, गोट्याला, न्हाऊ घाली, आणि शेजारच्या रंगूआजोबांना दिसत नसे म्हणून त्यांना हात धरून तळ्यावर नेई.

एके दिवशी पेजेपुरतेही तांदूळ उरले नाहीत. वेणू धोंडूशेटच्या दुकानात गेली.

"शेटकाका, मूठभर तांदूळ द्या ना!"

"काम काय करतेस तू?"

वेणूने सगळं सांगितलं.

"हॅ! हे काय काम झालं?" असं म्हणून शेटनी भली मोठी ढेकर दिली.

डोळे पुसत वेणू पेरूच्या बागेत शिरली. तिथे हिरव्यागार पानांतून सोनेरी ऊन ठिबकत होतं, आणि बोरीच्या काट्याला लटकून कुणीतरी ओरडत होतं, "अगं, बघत काय राहिलीस? सोडव मला!"

परी होती ती! अंगठ्याएवढी, गुलाबी-जांभळी, लखलखती, आणि भलतीच चिडलेली. चिमुकला पंख टर्रकन फाटला होता. वेणूने काट्याची सुई केली, केळीच्या खोडाचा धागा काढला आणि पंख नाजूकपणे शिवला.

"गुणाची गं माझी बाय!" परी खुलली. "आता एक इच्छा माग. पण ती अख्ख्या गावाला पुरायला हवी. माझा पंख बरा होईपर्यंतच टिकेल. आणि मागताना मनात लाडू आणायचा नाही."

"का बरं?"

"मग लाडूच येतो."

वेणूने डोळे मिटले. धप्पकन डोक्यावर लाडू पडला!

"सांगितलं होतं ना!" परी म्हणाली, पण अर्धा लाडू तिनेच खाल्ला, म्हणून फार रागावली नाही.

वेणूने पुन्हा डोळे मिटले. "जो कुणाची मनापासून काळजी घेईल आणि ज्याची घेतली जाईल, त्या दोघांच्या चुलीवरचं पातेलं भरलेलं राहू दे."

झुळझुळ झुळझुळ रुपेरी चुरा गावभर उडाला.

सकाळी वेणूच्या चुलीवर मऊमऊ, वाफाळता भात! काळजी न घेणाऱ्यांची पातेली मात्र जादूने रिकामी केली; धोंडूशेटच्या पातेल्यात तर घातलेले तांदूळसुद्धा गायब. आत होतं फक्त एक झुरळ, तेही उपाशी दिसत होतं.

वेणूने गावाला खरं काय ते सांगून टाकलं, आणि एकच धावपळ उडाली. सात जणांनी रंगूआजोबांना तळ्यावर ओढलं. दुपारपर्यंत त्यांची चार वेळा आंघोळ झाली.

"अरे, मी माणूस आहे की देवळातला नंदी?" आजोबा कुडकुडत ओरडले.

अशा ओढाताणीने कुणाचं पातेलं भरणार? नुसती वाफ!

तिसऱ्या दिवशी धोंडूशेट रडवेले होऊन वेणूच्या दारात आले. "पोरी, काय करू गं?"

"काका, गोट्याला जरा घ्या. मला आईचं अंथरूण उन्हात टाकायचंय."

गोट्याने शेटच्या रेशमी अंगरख्यावर खुशाल शू केली आणि भोकाड पसरलं. शेटनी घाबरून त्याला जोजवलं, भसाड्या आवाजात अंगाई म्हटली. हळूहळू गोट्या त्यांच्या खांद्यावर झोपला. त्याचा इवलासा श्वास मानेला लागला, तसे शेट हललेच नाहीत. पातेलं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

घरी गेले, तर भात उतू जात होता!

"अरे देवा," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "एवढं दमवणारं काम मी आजवर केलंच नव्हतं!"

त्यांनी गावाला चावडीवर जमवलं. आजाऱ्यापाशी कोण बसेल, बाळांना कोण सांभाळेल, सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. आणि जो हे करील त्याला गावच्या धान्याचा पहिला वाटा, असं ठरलं.

वेणूची आई उठून बसू लागली. पण एका सकाळी परी खिडकीत आली, आणि तिचा पंख अगदी बरा झालेला पाहून वेणूचा चेहरा पडला.

"आज जादू संपणार ना?"

"ती तर परवाच संपली, वेडाबाई!"

वेणूने झाकण उचललं. पातेलं भरलेलं!

"मग हे?"

"ते पहाटे धोंडूशेट ठेवून गेले. चोरपावलांनी येताना दोनदा धडपडले."

परी खुदकन हसली, भिरभिरत वर गेली, आणि गुलाबी-सोनेरी उजेडात विरघळली.

तेवढ्यात शेट आले, गोट्याला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "आज माझी पाळी. तू काय करणार गं?"

वेणू विचारात पडली. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"खेळू?" तिने हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता धूम पळाली.