केवड्याचा भुसा

करवती बोलत असत, त्या काळची गोष्ट. जिवबा सुताराकडे भुरी नावाची म्हातारी मांजर होती. तिच्या शी-शूच्या खोक्यात तो करवतीखालचा भुसा भरून ठेवी. भुसा ओल टिपायचा, पण वास काही लपवता येईना म्हणून मनातून ओशाळायचा. एकदा जिवबाने त्यावर केवड्याचं अत्तर शिंपडलं, तसा भुसा हरखला.

भुरी मात्र खोक्यापर्यंत आली, थबकली आणि मागे फिरून गोधडी ओली करून बसली. रोज तेच होऊ लागलं. सुतारीण कातावली, "उद्या हिला गोणीत घालून नदीपलीकडे सोडून या!"

त्या रात्री भुशाने विचारलं, "भुरीमावशी, मी एवढा नटलो, आणि तू पाऊलसुद्धा ठेवत नाहीस?"

"तू आहेस होय तिथं?" भुरी म्हणाली. "डोळे गेल्यापासून मी वासावरच चालते रे. केवडा दरवळला, मला वाटलं देवघर आलं. तिथं कशी बसू?"

भुशाने वाऱ्याला हाक मारून अंगावरचा केवडा उडवून दिला. चुलीतली राख म्हणाली, "मी येऊ? वास पार पुसून टाकते."

"ये, पण थोडीच ये," भुसा म्हणाला. "मावशीला माझा पत्ता लागला पाहिजे."

सकाळी गोधडी कोरडी निघाली. सुतारणीने गोणी पुन्हा खुंटीला अडकवली.