बोडक्या माळाचे तीन साक्षीदार

"उद्या दुपारपर्यंत तीन प्रतिष्ठित साक्षीदार उभे कर, नाहीतर मेंढरं हाकल!" रणधीरराजे म्हणाले.

समोर हौसा धनगरीण उभी होती. संस्थानाची मोजणी चालली होती आणि प्रत्येक जागेचं नाव नकाशात चढायचं होतं. नियम एकच: दरबारात तीन प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून जे नाव निघेल, तेच लिहायचं. राजांना बोडका माळ आवडला होता, म्हणून त्याचा 'रणधीरविलास' होणार होता. नाव राजांचं झालं की कुरणही राजांचं. मग हौसाच्या मेंढरांनी काय वारा खायचा?

"अख्खं गाव बोडका माळच म्हणतंय की, सरकार!"

"गाव प्रतिष्ठित नाही," दिवाण म्हणाले. "ज्याला दरबारात बसायला गादी आहे, तो प्रतिष्ठित."

आणि गादीवर बसलेला माणूस राजांसमोर ब्र तरी काढील? हौसाला संताप आला. पण संतापाने मेंढरांचं पोट भरत नाही. जाता जाता तिने उसाची एक मोळी मात्र विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती धापा टाकतच.

"सरकार, तुमची चंपाकळी हत्तीण रणधीरविलासात जाऊन बसलीया! उठंना झालीया!"

चंपाकळी म्हणजे राजांचा जीव की प्राण. "धावा!" ते ओरडले.

स्वार धावले. पण राजांनी आपलं नाव ठेवायचं काय बाकी ठेवलं होतं? बाग रणधीरबाग, तळं रणधीरतळं, पाहुण्यांचा बंगला रणधीरविहार. एकाने तर बंगल्याचं न्हाणीघरही उघडून पाहिलं. हत्तीण तिथे नव्हती. स्वार हात हलवत दरबारात परतले.

"अरे, हे रणधीरविलास आहे तरी कुठं?" राजे कडाडले.

"नाव तुमीच ठेवलंय, सरकार," हौसा अदबीने म्हणाली.

ज्योतिषीबुवांनी पंचांग मिटलं. "महाराज, ती बोडक्या माळाबद्दल बोलत असावी."

"हात्तिच्या! बोडका माळ होय!" दिवाणांनी कपाळावर हात मारला.

"मग आधी सांगता येत नव्हतं?" राजे स्वारांवर खेकसले. "पळा! बोडक्या माळावर पळा!"

स्वार पळाले. कोपऱ्यात मोजणीदार खाली मान घालून लिहीत होता.

"तू काय खरडतोस रे?"

"नाव, महाराज. बोडका माळ. साक्षीदार तीन: ज्योतिषीबुवा, दिवाणसाहेब आणि खुद्द श्रीमंत." त्याने फुंकर घालून शाई वाळवली. "तिघांनाही गादी आहे. खात्री करून घेतली."

राजांनी हौसाकडे रोखून पाहिलं.

"साक्षीदार बाहेरून आणायचे होते!"

"आणायचे कशापाई, सरकार? हितंच तर बसल्याले. म्या फकस्त बोलतं केलं."

राजे आधी लालबुंद झाले. मग त्यांचं पोट हलू लागलं, आणि ते लोडावर रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसायला हरकत नाही असं पाहून दिवाणही हसले.

"कुरण गावाचं, पिढ्यान्‌पिढ्या! आणि तुला काय हवं ते माग."

"हत्तीण तेवढी लौकर न्या, सरकार. मेंढरं सकाळधरनं बांधावरच उभी हायेत!"