एका नारळाचे रिव्हॉल्व्हर

हवालदार गुणाजीचे शिंगाच्या मुठीचे जुने रिव्हॉल्व्हर वडजाईच्या सरकारांच्या नजरेस पडले आणि सरकार म्हणाले, "वा!"

झाले. घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरले. सरकारांच्या तोंडून "वा" निघाले की ती वस्तू दुसऱ्या दिवशी ताटात घालून, वर रुमाल टाकून नजराणा म्हणून पोचवायची आणि बदल्यात एक नारळ घेऊन घरी यायचे, असा वडजाई संस्थानाचा रिवाज होता. उदाजीराव सरकारांना जुन्या रिव्हॉल्व्हरांचा भारी नाद. असा नाद असलेला मालक गावोगाव हिंडला की त्याचे नशीब फार लवकर उघडते! कधी कुणाच्या माळ्यावर, कधी एखाद्या म्हातारीच्या तांदळाच्या कणगीत. पाहुण्यांपुढे सरकार एकेक हत्यार फिरवून दाखवत आणि म्हणत, "निव्वळ नशीब. एका नारळात मिळालं. पण आम्ही फुकट घेत नाही हं, आमचा सौदा उदार असतो." तो उदार नारळसुद्धा कुणीतरी देवीपुढे ठेवलेला असे. कारभारी दाजीसाहेब तो तिथून उचलून आणत, आणि तोवर तो इतका वाळलेला असे की आतला गोटा खडखडे.

गुणाजीने मात्र हात जोडून नाही म्हटले. लढाईत जखमी झालेल्या आपल्या साहेबाला त्याने पाठीवर घालून छावणीत आणले होते आणि साहेबाने मरताना ते रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात ठेवले होते. त्या हत्याराचा घोडा केव्हाच गंजून बसला होता. तरी दर खंडेनवमीला म्हातारा त्याला तेल लावी, झेंडूचे फूल वाही आणि त्या साहेबाचे नाव घेई. आता फुलाशेजारी काय, नारळ ठेवायचा?

सरकारांनी त्याला बोलावून घेतले. नकार ऐकायची त्यांच्या कानांना सवय नव्हती.

"गुणाजी, आम्ही काय दरोडेखोर आहोत? बरं, तुला एक संधी देतो. आमच्याहून उदार सौदा कुणी केलेला दाखव. दाखवलास तर हत्यार तुझं. नाही तर खंडेनवमीला ते आमच्या पूजेत मांडलं जाईल."

"आणि सुनेलाही नारळ देऊ," दाजीसाहेबांनी जोड दिली आणि स्वतःच हसले. गुणाजीची सून साळू सरकारांच्या सिलेखान्यात झाडलोट करी, हत्यारे पुसून ठेवी. तिची चाकरीही जाणार होती.

गुणाजीने खूप आठवून पाहिले. कुणी पाहुण्याला दुभती गाय दिली होती, कुणी शेजाऱ्याला विहिरीतले अर्धे पाणी. सरकारांनी प्रत्येक गोष्ट उडवून लावली. गाय भाकड असेल, विहीर आटलेली असेल. न्याय करणारे तेच, तेव्हा त्यांच्याहून उदार कोण निघणार! म्हातारा घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि सुनेला म्हणाला, "पोरी, रुमाल काढ. पोचवून येतो."

"मामंजी, घरात नारळ आहेत का?"

"आहेत दोन."

"हलवून बघा."

म्हाताऱ्याने कानाशी धरून हलवले. आत पाणी डुचमळले.

"मग रुमाल राहू द्या," साळू म्हणाली.

खंडेनवमीला सिलेखान्यात हत्यारे मांडली गेली. शेजारच्या संस्थानांतले पाहुणे जमले. सरकारांनी नेहमीप्रमाणे एकेका रिव्हॉल्व्हरामागचे नशीब वर्णन केले, गुणाजीला घातलेली अटही मोठ्या चवीने सांगितली. मधोमध वेगळ्या पाटावर चांदीच्या मुठीचे एक रिव्हॉल्व्हर होते. पुऱ्या संग्रहात सरकारांनी रोख पैसे मोजून घेतलेले तेवढे एकच.

साळू ताट घेऊन आत आली, त्या पाटापुढे थांबली आणि म्हणाली, "वा!"

असे म्हणायचा हक्क आजवर एकाच तोंडाला होता.

"काय गं, काय झालं?" सरकारांनी विचारले.

"नशीब म्हणायचं, सरकार. रोज इथं झाडते, पण एवढं सुंदर हत्यार आजच सापडलं. सरकारांचा भाव एक नारळ. मी दोन आणलेत, पाण्याचे." तिने ताट खाली ठेवले आणि पाटावरच्या रिव्हॉल्व्हरावर आपला रुमाल टाकला.

दाजीसाहेब तिच्या अंगावर धावून आले. "अगं ए, शुद्धीवर आहेस का? मुंबईहून रोख मोजून आणलंय ते! दोन नारळांत मागतेस? हा काय सौदा झाला? दरोडा आहे हा, दरोडा!"

पाहुण्यांपैकी एकाने तोंडावर उपरणे धरले.

"मला अडाणीला काय कळतंय, दाजीसाहेब," साळू म्हणाली आणि सरकारांकडे वळली. "सरकारांनीच सांगावं. माझा सौदा उदार असला, तर आपल्याहून दुप्पट उदार सौदा मी दाखवला. मामंजींचं हत्यार त्यांच्याकडे राहू द्या आणि हे मला बांधून द्या. आणि दोन नारळांचा दरोडा होत असला, तर एका नारळाला काय म्हणायचं, तेवढं या पाहुण्यांना सांगा."

सरकारांनी तिच्याकडे पाहिले. मग ओळीने मांडलेल्या आपल्या नशिबाकडे पाहिले. त्यांनी ताटातला एक नारळ उचलला आणि कानाशी हलवला. आत पाणी डुचमळले. असला नारळ त्यांच्या संस्थानात आजवर कुणाला मिळाला नव्हता. त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते एकदम असे हसू लागले की पाटावरची फुले घरंगळली. मग पाहुणेही मोकळेपणाने हसले.

गुणाजीचे रिव्हॉल्व्हर गुणाजीकडेच राहिले. साळूला सरकारांनी जरीकाठी लुगडे दिले, सिलेखान्याच्या किल्ल्या तिच्या हाती सोपवल्या आणि आणखी काय हवे ते विचारले. ज्याला आपले हत्यार परत हवे असेल त्याला सरकारांचा नारळ परत करून ते नेऊ द्यावे, एवढेच तिने मागितले. दुसऱ्या दिवशी सिलेखान्यापुढे रांग लागली. नारळ खाण्याजोगे नव्हतेच, त्यामुळे बहुतेकांच्या घरी ते तसेच पडून होते.

राहता राहिला साळूच्या ताटातून सरकारांनी उचललेला तो पाण्याचा नारळ. सरकारांनी तो दाजीसाहेबांच्या हातात ठेवला.

"हा घ्या, कारभारी. तुम्हाला."

तो प्रसाद म्हणून घ्यायचा की निरोप म्हणून, हे विचारायचे धाडस दाजीसाहेबांना झाले नाही. आणि सरकारांचे हसू काही थांबेना!