चिमाईची रिकामी डोली

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. लहान मुलं घाबरली तर त्यांना जवळ घ्या, पण मला हळू बोलायला सांगू नका.

घाटात गाडीरस्ता झाला नव्हता, त्या काळातली ही हकीकत. आमच्या हिरडवाडीच्या डोक्यावर घारकडा आहे. त्याच्या टोकावरून खालचं सगळं कोकण दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर समुद्राची रेघसुद्धा दिसते. ते बघायला लांबलांबून बडी माणसं यायची. ती डोलीत बसायची, गावातले डोलीवाले त्यांना खांद्यावरून वर न्यायचे, आणि डोलीच्या पुढे चालायची चिमाई.

शेवटच्या वळणावर कड्याला एक भेग आहे. चिमाई तिथे थांबून भेगेला कान लावायची. कोकणातून वर उसळणारं वारं आधी त्या भेगेत बोलतं, असं म्हणतात. ऐकून ती पुढे निघाली की डोली पुढे निघायची. ती वाटेत बसली की डोली टेकायची आणि सगळे खाली बसायचे. का बसलीस, कधी उठणार, असं कोणी विचारत नसे. तिच्या हयातीत त्या कड्यावरून एकही माणूस पडला नाही.

एकदा संस्थानच्या सरकारांनी माथा बघायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, त्यांनी नुसतं ‘हं’ केलं. बाकी सगळं ठरवलं दिवाणजींनी. किती वाजता निघायचं, किती वाजता फराळ, किती वाजता सरकारांच्या नावाचा दगड बसवायचा, सगळं कागदावर उतरवलं. आदल्या दिवशीच अगदी टोकावर तंबू ठोकला, त्यात सिंहाच्या पायांच्या खुर्च्या मांडल्या आणि बँडचा ढोलही वर नेऊन ठेवला. दिवाणजींनी आचाऱ्याला विचारलं, बँडवाल्यांना विचारलं, पंचांगसुद्धा विचारलं. पण जिला वाऱ्याची चाहूल लागत होती, तिला एका शब्दाने विचारलं नाही! काय म्हणावं अशा शहाणपणाला?

चिमाई न बोलावता आली. डोलीखाली खांदे तिच्याच गावचे होते, ती कशी घरी बसेल?

शेवटच्या वळणावर तिने भेगेला कान लावला आणि ती वाटेच्या मधोमध बसली. सरकारांची डोली टेकली. मागचा सगळा लवाजमा थांबला.

“आज वर पाय ठिवू नका,” ती म्हणाली. “वारं उठतंय.”

आभाळ निळंशार होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. दिवाणजी हसले. “बाई, कार्यक्रम ठरलेला आहे. बाजूला हो.”

“ठरवताना वाऱ्याला इचारलं व्हतं का?”

दिवाणजींनी चार शिपायांना तिला उचलून बाजूला टाकायला सांगितलं. चौघांनी जोर लावला, पण ती तसूभर हलली नाही. अख्खा घारकडा तिच्या अंगात उतरला होता, असं म्हणतात. मग दिवाणजींचं डोकं फिरलं. “बसायचीच हौस आहे ना? मग कायमची बस!” असं म्हणून त्यांनी शिपायांना तिच्या गुडघ्यांवर काठ्या घालायला लावल्या. एका म्हाताऱ्या बाईच्या गुडघ्यांवर! आणि सरकार? सरकार डोलीत बसून कोकण बघत होते.

“उचला डोली!” दिवाणजी ओरडले.

डोलीवाल्यांचा म्होरक्या होता धावजी. तो जागचा उठला नाही. “चिमाआत्या बसलीया, सरकार. आमी कसं उठावं?” बाराच्या बारा डोलीवाल्यांनी चाबूक खाल्ले आणि ते बसून राहिले.

आणि मग वारं आलं. खालून वर आलं. तंबू आभाळात गेला, त्याच्यामागून सिंहाच्या पायांच्या खुर्च्या गेल्या आणि घारींच्याही वर फिरू लागल्या. ढोल ढगात वाजत राहिला. तीन दिवस कोकणात खुर्च्या पडत होत्या, असं म्हणतात.

सरकार सुखरूप घरी पोचले. संस्थानच्या दफ्तरात काय लिहिलं माहीत आहे? सरकारांनी दूरदृष्टीने स्वारी थांबवली! टोकाला त्यांचं नाव दिलं, त्याचा दगड आजही तिथे उभा आहे. चिमाईच्या गुडघ्यांबद्दल त्या दफ्तरात एक ओळ नाही.

काही जण सांगतात की चिमाई त्या वळणावरच शिळा झाली. साफ खोटं! शिळेला औषधपाणी करावं लागत नाही, म्हणून लोकांना ते सोयीचं वाटतं. चिमाई माणूसच राहिली आणि पुढची अकरा वर्षं माणसासारखी दुखणं काढत जगली. तिचे गुडघे पुन्हा कधी सरळ झाले नाहीत.

तेव्हा धावजीने काय केलं? नवा बांबू तोडून डोली बांधली आणि तिच्या दारात आणून ठेवली.

“आत्या, बस.”

“म्या? डोलीत? लोक काय म्हनतील?”

“लोकांस्नी मागनं चालू दे.”

तेव्हापासून सगळ्यांच्या पुढे चिमाईची डोली आणि तिच्या मागे बडी माणसं. वळणावर चौघं तिची डोली भेगेपाशी टेकवायचे. ती कान लावायची आणि जायचं की बसायचं ते सांगायची.

अकरा वर्षांनी ती गेली. तेराव्यानंतर पहिले पाहुणे आले, तेव्हा डोलीवाल्यांना तिच्या डोलीशिवाय पाऊल टाकवेना. त्यांनी ती रिकामीच उचलली. वळणापर्यंत फुलासारखी हलकी होती. भेगेपाशी मात्र अशी जड झाली की चौघांचे गुडघे वाकले आणि डोली टेकली. सगळे बसले. घटकाभरात खालून वारं उसळलं.

आता घाटात रस्ता आहे, पायथ्याशी गाड्या लागतात. तरी माथ्यावर जाणाऱ्या प्रत्येक जथ्यापुढे हिरडवाडीचे चार जण चिमाईची रिकामी डोली नेतात. तिच्यात कोणाला बसू देत नाहीत. डोली हलकी राहिली तर माथा. जड झाली तर वाटेत बसायचं.

गेल्या साली एक मोठे साहेब आले होते. डोली टेकून दोन तास झाले, आभाळ स्वच्छ होतं, आणि साहेब चिडले. “रिकामी डोली जड कशी होईल? काहीही सांगता!”

धावजीचा खापरपणतू कुशाबा दांडीजवळ बसला होता. तो शांतपणे म्हणाला, “लावा की खांदा.”

साहेबांनी कोट काढून शिपायाच्या हातात दिला. तिघं डोलीवाले उठून आपापल्या जागी उभे राहिले आणि चौथ्या जागी साहेबांनी दांडीखाली खांदा घातला. जोर लावला. पुन्हा लावला. मानेची शीर फुगली, कपाळावर घाम आला. मग त्यांनी खांदा हळूच काढून घेतला, रिकाम्या डोलीकडे एकदा बघितलं, आणि कोणी न सांगता वाटेवर खाली बसले.