बोअरचं पाणी

"मग चुकलं कुठं, बाबा?"

एक घोट घेऊन उरलेला ग्लास पास्कूबाबांनी नारळाच्या बुंध्याशी ओतला. राग नाही, घाई नाही. रोज झाडांना पाणी घालावं तसा.

शिरीष वर्पेच्या बिअरचा नारळाला लाभ होण्याची ही सातवी वेळ. झाड तरी खूश असावं.

पास्कूबाबांनी बिअरच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढली होती. आता वसईतल्या आपल्या वाडीत ते सणासुदीपुरती घरीच बिअर करत. शिकायला येणाऱ्यांसाठी त्यांचा एकच नियम होता. ज्याच्या हातचा ग्लास ते शेवटपर्यंत पितील, त्यालाच आपल्या बरणीतलं यीस्ट देणार. घरात विरजण राखतात तसं त्यांनी ते तीस वर्षं राखलं होतं. शिरीषला ते हवंच होतं. ते मिळेपर्यंत तो माघार घेणार नव्हता.

शिरीष संगमनेरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. पोरांच्या चुका काढण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. स्वतःची सापडेना, म्हणून तो मनातून फार चिडला होता.

"पाण्यात तर चूक नाही," तो वही उघडत म्हणाला. "घरच्या बोअरचं पाणी क्षाराचं, ते मी घेतच नाही. आरओचं घेतो, अगदी कोरं. मग त्यात जिप्सम आणि बाकीचे क्षार, मिलिग्रॅममध्ये तोलून. जर्मनीतल्या एका गावच्या पाण्याशी तंतोतंत जुळतं."

"त्या गावी गेला होतास?"

"नाही."

"बिअर चांगली असते तिथली?"

"जगात नाव आहे."

"तिथली जुनी माणसं पाण्यात काय घालायची?"

शिरीषने वहीची पानं उलटली. पुन्हा उलटली...

"काही नाही," तो शेवटी म्हणाला. "होतं ते पाणी घ्यायचे. त्यात जी साधेल ती बिअर करायचे."

वाडीत कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"तुझ्या बोअरचं पाणी कसं लागतं?"

"क्षार फार, टीडीएस बाराशेच्या वर आहे."

"ते नाही विचारलं."

अकरा वर्षांपूर्वी घरात आरओ बसवलं, तेव्हापासून शिरीषने ते पाणी तोंडात घेतलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि ती त्याला लपवताही आली नाही.

"आठवत नाही," तो म्हणाला. "एवढं आठवतं, की आईची डाळ त्यात लवकर शिजायची नाही."

"मग?"

"आदल्या रात्री भिजत घालायची."

"शिजायची?"

"शिजायची. चांगली लागायची."

बाबांनी हात पुढे केला. शिरीषने वही दिली. ती त्यांनी उघडलीही नाही. ग्लास तिच्यावर पालथा घातला आणि वही तशीच बाजूला सारली...

शिरीष उठला. सात वेळा हरलेला माणूस असा ताठ उभा राहत नाही, पण तो राहिला.

"आठवी बोअरच्या पाण्याची करतो," तो म्हणाला. "पाणी उकळतो, चुना खाली बसू देतो, वरचं निवळ तेवढं घेतो. क्षार एकही घालत नाही. धान्य बदलून बघतो, जास्त भाजून बघतो. आठवी नाही जमली तर नववी."

"हं."

पिशवी खांद्याला लावून तो फाटकापर्यंत गेला, आणि परत आला.

"पण बाबा, जमली हे मला कळणार कसं? त्या पाण्याची चांगली बिअर लागते तरी कशी?"

"मला काय माहीत? मी कुठं संगमनेरचा."