उंबराचा राखणदार

वानरे बोलत असत, त्या काळातील ही गोष्ट. उंबराच्या शेंड्यावर एका टोळीचा म्हातारा राखणदार बसे. त्याच्या मुखाकडे पाहू नये आणि त्याच्या हाकेवाचून पळू नये, असा टोळीचा रिवाज होता.

परटोळीतून आलेल्या भुरीने मात्र वर पाहिले. "आत्याबाई, आजोबांच्या डोळ्यांत मुंग्या आहेत हो!"

"कालची आलेली तू! फळाला हात शेवटी लावायचा आणि तोंड आधी उघडायचे?" टोळीतल्या थोरल्या आत्याबाई खेकसल्या.

तोच गवतातून बिबळ्या सरकताना भुरीला दिसला. ती जिवाच्या आकांताने ओरडली. खाली पडलेली उंबरे वेचणारे कोणीही हलले नाही. पिल्ले तर हसली. तेव्हा ती शेंड्यावर चढली, वाळून गेलेल्या आजोबांच्या पाठीआड दडली आणि तेथून ओरडली. क्षणार्धात सारी टोळी झाडावर होती.

सायंकाळी आत्याबाईंनी मान खाली घालून पहिले फळ आजोबांपुढे ठेवले. "आजोबा होते म्हणून वाचलो. आणि भुरे, तू गं कुठे पळाली होतीस?"

दुसऱ्या दिवसापासून भुरी त्या पाठीआड बसू लागली.

कित्येक उन्हाळे लोटले. शेंड्यावर एकामागे एक असे दोन सांगाडे झाले. दुसऱ्याच्या पाठीआडून हाक अजूनही वेळेवर येत होती, आणि फळ एकच ठेवले जात होते.